संग्रहालयात छायाचित्रांचा क्युरेटर व्हायला काय करावं लागतं? आणि सगळं स्कॅन होतं तर मूळ फोटो ठेवायचे कशाला?

तुम्ही रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, फोटोग्राफीची आवड आहे, नागपूर सोडायचं नाही, हे वाचलं. पण शेवटी जे विचारलंत, की स्कॅन झाल्यावर मूळ काचा (म्हणजे काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह) आणि प्रिंट सांभाळायच्या कशाला, त्यावरून माझं एका माणसाशी झालेलं भांडण १५ वर्षांत मिटलेलं नाही. म्हणून आधी तेच सांगते.

मी एका संग्रहालयात छायाचित्रं सांभाळते. इथल्या महाल भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्या घरच्या सूनबाईंचा फोन आला. काचेच्या पेट्या आहेत, नेता का, नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत काढून टाकू म्हणाल्या. माळ्यावर ६ लाकडी पेट्या होत्या. आतून खाचा पाडलेल्या, प्रत्येक खाचेत एक फुल प्लेट, म्हणजे मोठ्या आकाराची काचेची निगेटिव्ह, उभी. प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात सुईने खरडलेला नंबर, आणि कुठला नंबर कोणाचा ते लिहिलेली एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. एवढं एकत्र क्वचित मिळतं. मी तिथेच खाली बसले.

तेव्हाचे आमचे साहेब म्हणाले, "जागा नाही. स्कॅन करा, काचा परत द्या." वहीचं विचारलं तर म्हणाले, "त्यांचं बिलबुक आहे ते, आपल्याला काय करायचंय?" एजन्सीच्या मुलाने तीन दिवसांत काम उरकलं आणि पेट्या परत गेल्या. एका पेटीतल्या दोन प्लेटांवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चित्र असतं तो, कडेने सुटायला लागला होता, म्हणून ती तेवढी मी सूनबाईंना विचारून घरी आणली. दिवाळीनंतर बाकीच्या मागायला गेले, तोवर पाचही पेट्या आणि वही भंगारात गेलेल्या. इतवारीत हिंडून तो भंगारवाला शोधला. म्हणाला, "काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या जी, फ्रेमवाल्याले देल्या." वही रद्दीत गेली होती.

आता उरलेल्या पेटीतलं. ओलसर कापसाने फक्त काचेची बाजू पुसायची असते, थराच्या बाजूला हात लावायचा नाही. तशी एक लग्नाच्या ग्रुपची प्लेट पुसत होते. मागे पांढरी चादर लावलेली. निगेटिव्हमध्ये ती काळी दिसते. स्कॅनमध्येही चादरच होती, दुसरं काही नाही. पण खिडकीच्या उजेडात, काचेकडून पाहिल्यावर, उजव्या टोकाला चादरीत एक बाई उभी होती. स्टुडिओवाल्याने थराच्या बाजूने लाल रंग भरून तिला झाकलं होतं. त्या रंगातून उजेड जात नाही, त्यामुळे छापताना तिथे कोरा पांढरा कागद उतरतो आणि चादरीत मिसळून जातो. स्कॅनर प्लेटमधून उजेड आरपार सोडतो, त्यामुळे त्यालाही ती दिसणं शक्य नव्हतं. वरून पडलेल्या उजेडात मात्र लाल रंगावर तिचं लुगडं काळं दिसत होतं, म्हणजे प्रत्यक्षात पांढरं. त्या काळच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, म्हणून बाकीच्या बायकांचं कुंकू निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका होऊन उतरलं होतं. हिच्या कपाळावर ठिपका नव्हता.

विधवा असावी, असं माझं अनुमान. फोटोला उभी तर राहिली, छापून आली नाही. प्लेटवर नंबर आहे. नाव वहीत होतं.

साहेब आता निवृत्त झालेत. मागच्या वर्षी धरमपेठेत एका लग्नात भेटले तेव्हाही म्हणाले, "फाइल तर आहे ना आपल्याकडे?" फाइल आहे. तिच्यात ती बाई नाही.

आमचं रोजचं काम या जातीचं आहे. लोक घरून १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे फोटो आणतात, फार जपलेले, बहुतेक लॅमिनेट केलेले. (लॅमिनेशन करू नका, ते निघत नाही.) त्यातला त्या वेळचा प्रिंट कुठला आणि नंतरची कॉपी कुठली, ते कागद सांगतो. प्लास्टिकचा लेप असलेला फोटोचा कागद १९७० च्या आसपास आला. त्यावरचा प्रिंट १९५६ चा असूच शकत नाही. मागचा शिक्का, पेन्सिलीची अक्षरं, पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव, हे वाचण्यात दिवस जातो. उरलेला वेळ कूलरशी भांडण्यात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, हवा कोरडी ठणठणीत, आणि कोणीतरी दयाबुद्धीने भांडाराच्या दारात कूलर लावून देतं. जिलेटिन ते पाणी पितं, फुगतं, कूलर बंद झाला की आकसतं. दोन उन्हाळ्यांत थर काचेवरून सुटायला लागतो. एसी संध्याकाळी साहेबांबरोबर बंद होत असेल तर तोही तितकाच वाईट. दमटपणा ३० ते ५० टक्क्यांत, आणि रात्रंदिवस सारखा राहायला हवा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं. सरकारी जाहिरातीत क्युरेटरचं 'अभिरक्षक' किंवा 'सहायक अभिरक्षक' असं पद येतं. नुसत्या छायाचित्रांचं वेगळं पद जवळपास निघतच नाही, नाणी, शस्त्रं, शिल्पं सांभाळता सांभाळता फोटो मागून घ्यावे लागतात. म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवतात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदविका आहे. म्हणजे एक-दोन वर्षं तरी नागपूर सोडा. तुमचं रसायनशास्त्र कामी येईल, चांदी आणि गंधक एकमेकांना काय करतात हे आमच्याकडे फार थोड्यांना कळतं. कॅमेऱ्याच्या आवडीचा उपयोग कमी. दुसऱ्याने काढलेल्या, नाव नसलेल्या फोटोसमोर तासभर बसवत असेल तर या.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही, हेही सांगायला हवं. त्याने मूळ प्लेट कमी हाताळली जाते, आणि आम्ही आता प्रत्येक प्लेट आरपार आणि वरून, दोन्ही उजेडांत टिपतो. आणि मी पेटी घरी आणली तसं तुम्ही करू नका. नोकरी जाऊ शकते. ती पेटी पुढे रीतसर नोंद करून संग्रहात घेतली.

तोवर एक करा. तुमच्या ओळखीत, महालात, इतवारीत, सीताबर्डीवर एखादा जुना स्टुडिओ आवरत असतील तर जा. प्लेटा आडव्या रचू देऊ नका, खालच्या तडकतात, उभ्याच राहू द्या. आणि सगळ्यात आधी वही मागा.