वजनकाटा बाजूला ठेव, खुर्ची पुढे घे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठ आठवडे नेमाने ट्रेडमिल करून, तुझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या त्या वजनदार बाईंचं वजन दीड किलोच उतरलं, गुडघे दुखायला लागले आणि आता त्या म्हणतात, ‘माझ्याच्यानं नाही व्हायचं.’ त्यांचं काही चुकलेलं नाही. आपण त्यांच्यासमोर मोजमाप चुकीचं ठेवलं.

नुसत्या व्यायामाने वजन थोडंच उतरतं, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. वजन उतरवण्याचा मोठा भार आहारावर असतो, काहींच्या बाबतीत औषधांवर किंवा शस्त्रक्रियेवर. पण केवळ कमी खाऊन वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही झिजतात. ते राखायचं काम व्यायामाचं. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. हा फायदा काट्यावर कधीच दिसत नाही.

आणि तो दीड किलो फुकट गेला असं त्यांना वाटू देऊ नकोस. लठ्ठपणा आणि गुडघ्याचा संधिवात असलेल्या लोकांच्या चालण्याचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात शरीराचं एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं दिसलं. दीड किलोचा हिशेब त्यांच्यासमोर बसून कर.

सुरुवातीला मीही तुझ्यासारखंच करायचो. एकशे तीस किलोंचे एक गृहस्थ आले होते. मी त्यांना पहिल्याच दिवशी वीस मिनिटं चालवलं. धाप लागली तरी ‘अजून दोन मिनिटं’ म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि ते पुन्हा आले नाहीत. माझी घाई त्यांना महागात पडली, ही बोच अजून जात नाही.

त्यानंतर मी क्रम बदलला: आधी ताकद, मग दम. वजनदार माणसाच्या मांड्या मुळात दुबळ्या नसतात. रोज एवढा भार उचलून त्या बऱ्याचदा इतरांपेक्षा बळकटच असतात. पण उचलायच्या वजनाच्या मानाने ती ताकद अपुरी पडते. म्हणून कित्येकदा दम संपायच्या आधी पायच थकतात. उंच, भक्कम, बिनहातांची खुर्ची घे, हवं तर वर उशी ठेव. त्यावरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा, मग विश्रांती, असे दोन सेट, एक दिवसाआड. जमू लागलं की उशी काढ, नंतर हातात डंबेल दे. सोबत भिंतीवरचे पुशअप आणि रबरी बँड ओढणं पुरे. उठताना श्वास सोडायला लाव. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो.

चालणं सोडायचं नाही, तुकड्यांत वाटायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिथवर पोहोचायला महिने लागले तरी चालेल. आपल्याला जी चाल संथ वाटते, तीच त्यांच्यासाठी चांगला व्यायाम असू शकते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग बरोबर. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारं औषध, चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नकोस. त्यांना श्रम किती वाटतात ते विचार, आणि त्यासाठीच्या बोर्गच्या 6 ते 20 च्या मापात 12-13 वर ठेव. गुडघा फारच कुरकुरला तर सायकल, किंवा पाण्यात चालणं. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा निम्मा भार पाणी उचलतं.

ताकदीचा व्यायाम आणि चालणं या दोन्हींपैकी एकच निवडायचं का, असं तू विचारलंस. 2017 साली 65 वर्षांवरच्या, लठ्ठपणा असलेल्या 160 लोकांवरचा एक अभ्यास आला. आहार आटोक्यात ठेवून 26 आठवडे व्यायाम करणाऱ्यांत, दोन्ही करणाऱ्यांची शारीरिक क्षमता 21 टक्क्यांनी वाढली. एकच प्रकार करणाऱ्यांची 14 टक्क्यांनी. नुसतं एरोबिक, म्हणजे चालण्यासारखा दमाचा व्यायाम, करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन 5 टक्क्यांनी घटलं, दोन्ही करणाऱ्यांचं 3 टक्क्यांनी. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा (कफ) मोठा वापर, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. इन्सुलिन घेत असतील तर व्यायामाआधी साखर बघ, मधुमेह असेल तर तळपायही. छातीत दुखतंय म्हणाले तर व्यायाम तिथेच थांबव आणि डॉक्टरांना कळव.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटपेक्षा मोठी मानतो. मशीनला किती वजन झेपतं ते आदल्या दिवशी तू एकट्याने पाहून ठेव. त्यांच्यादेखत लेबल वाचत उभं राहू नकोस. वजन करायचंच असेल तर आडोशाला, विचारून. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. ‘थोडं खाणं कमी करा ना’ हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. एखाद्याने भरल्या खोलीत पहिल्यांदा हात वर करून व्यायाम केला, तर त्यामागे किती धैर्य आहे ते ओळख.

पुढच्या भेटीत काटा कपाटात ठेव. तीस सेकंदांत त्या खुर्चीवरून किती वेळा उठतात ते मोज, त्यांच्या वहीत त्यांनाच लिहू दे. चार आठवड्यांनी पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझे
सर