कपाटातली बरोलो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जावई इटलीत ट्युरिनला नोकरीला आहेत, त्यांनी बरोलोची बाटली आणलीय, 2016 ची. म्हणाले, ही वाईन जितकी जुनी तितकी भारी. नात आता चार वर्षांची आहे, तिच्या लग्नात उघडावी असं आमच्या ह्यांच्या डोक्यात आहे. बाटली बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवलीय. चालेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जावयांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. 2016 हे तिकडचं फार चांगलं साल मानतात, नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षं सहज टिकेल अशी ही वाईन. घोडं अडतं ते साड्यांच्या कपाटात.

आधी ही वाईन टिकते कशामुळे ते बघा. इटलीच्या उत्तर-पश्चिमेला पिएमाँते, तिथल्या लांगे टेकड्यांवर बरोलो गावाच्या आसपास अकरा गावांत ही बनते, आणि फक्त नेबिओलो द्राक्षापासून, दुसरं काही मिसळायचं नाही. हे द्राक्ष फार उशिरा पिकतं, ऑक्टोबर उजाडतो, खाली दरीत धुकं भरलेलं असतं. धुक्याला तिकडे नेब्बिया म्हणतात, त्यावरूनच नाव पडलं असं बरेच जण सांगतात. ह्यात आंबटपणाही भरपूर आणि टॅनिनही भरपूर. टॅनिन म्हणजे आपला तुरटपणा हो, कच्चं केळं चावल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, तेच. तरुण बरोलो पिऊन लोक तोंड वाकडं करतात ते ह्याच्यामुळे. वर्षं जातात तसे टॅनिनचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, तोंडाला होणारी ओढ कमी होते, आणि गुलाब, चेरीच्या वासाच्या जागी डांबर, सुका पाला, चामडं, मश्रूम असले वास येतात. डांबर वाचून नाक मुरडू नका, गुलाब आणि डांबर ही तर बरोलोची ओळखच आहे!

कायद्यानेही तिला थांबावं लागतं. द्राक्ष काढलेल्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात. लेबलवर रिझेर्वा असेल तर 62 महिने. म्हणजे तुमची बाटली बाजारात आली तीच लवकरात लवकर 2020 मध्ये.

आता कपाट. हे सगळं सावकाश व्हायला साधारण 12 ते 14 अंश लागतात, तेही वर्षभर सारखे, अंधारात, बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर 38-40 असतं तेव्हा बंद कपाटात 30 च्या वरच असणार, आणि उष्णतेत वाईन मुरत नाही हो, शिजते. मी स्वतः एक बाटली चार वर्षं माळ्यावर ठेवली होती, मोठ्या ऐटीत चार लोकांसमोर उघडली आणि निघालं काय तर मनुका उकळलेलं पाणी, वर बूच फुगून आलेलं ते वेगळंच. तेव्हा वाईन कॅबिनेट, म्हणजे तापमान सारखं ठेवणारं वाईनचं कपाट, घेणार असाल तर खुशाल नातीच्या लग्नापर्यंत थांबा, नाहीतर ह्या दिवाळीतच उघडा. तोवर घरच्या फ्रिजमध्ये ठेवली तरी चालेल, पण वर्षानुवर्षं नको, तिथे बूच सुकतं.

आणि हो, तिखट मटणाबरोबर नको, तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. कमी तिखटाचं, चरबी असलेलं मटण घ्या, तिकडे तर बीफच बरोलोत तासन् तास शिजवतात.

प्रश्न : बरोलो ग्लासात ओतली तर पलीकडचं दिसतं, कडेला विटकरी. इतकी महाग वाईन आणि पाणचट? दुकानदाराने फसवलं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो. नेबिओलोचा रंगच फिकट, आणि त्यातली रंगद्रव्यं लवकर ढळतात, म्हणून विटकरी छटा इतर लाल वाईनपेक्षा आधी येते. रंगावर जाऊ नका, एक घोट घ्या, हिरड्या सांगतील. पिण्याआधी तास-दोन तास भांड्यात ओतून ठेवा, खूप जुनी असेल तर मात्र इतका वेळ नको, आणि गाळ बाटलीतच राहू द्या.

प्रश्न : नाशिकला वायनरीत छोटी ओकची पिंपं पाहिली. बरोलोही त्यातच मुरवतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ह्याच्यावरून तिकडे घराघरांत भांडणं झालीत! जुने लोक हजारो लिटरच्या मोठ्या पिंपांत मुरवायचे, लाकडाचा वास फारसा लागत नाही. 1980 च्या दशकात तरुण मंडळींनी 225 लिटरची फ्रेंच बॅरिक, म्हणजे तुम्ही पाहिलीत तसली छोटी ओकची पिंपं, आणली, वाईन लवकर पिण्याजोगी होते पण व्हॅनिलासारखा वास चढतो. त्यातल्याच एलिओ आल्तारे ह्या वाईन बनवणाऱ्याने तर 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली, वडिलांनी त्यांना वारसातून काढलं. उलट बाजूला जुन्या पद्धतीचे वाईन बनवणारे बार्तोलो मास्कारेल्लो, ह्यांनी लेबलवरच लिहिलं, 'नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी' (बर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे राजकारणी). आता बरेच जण मधला मार्ग धरतात. माझं मत विचाराल तर मोठं पिंप, आणि त्या अकरा गावांतलं सेर्रालुंगा, तिथली वाईन जरा कडक असते पण टिकते फार.