महास्फोट हा देवाचा पुरावा मानावा काय?

प्रश्न : पाळकसाहेब, माझा मुलगा पुण्यात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. नाताळच्या सुट्टीत घरी आला असता त्याने मला विचारले, की देव आहे याला आधार काय? मी युवक शिबिरात ऐकलेले उत्तर दिले : विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे विज्ञानच सांगते आणि सुरुवात झाली, तर ती करणारा कोणीतरी असलाच पाहिजे. त्यावर तो म्हणाला, “उद्या महास्फोटाचा सिद्धांत चुकीचा ठरला, तर तुमचा देवही नाहीसा होणार का?” मला पुढे बोलता आले नाही. मी त्याला काय सांगावे?
– एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : भगिनी, आपल्या मुलाची हरकत योग्य आहे आणि ती योग्य आहे हे सर्वप्रथम त्याला मोकळेपणाने सांगावे. महास्फोटाच्या कल्पनेचे जनक मानले जाणारे फादर जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू होते आणि आपल्या सिद्धांताचा असा उपयोग करण्यास त्यांचाही विरोधच होता.

बेल्जियमच्या या कॅथलिक शास्त्रज्ञाला १९२३ साली गुरुदीक्षा मिळाली. १९२७ साली त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताच्या आधारे मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका ‘आद्य अणू’पासून झाला असावा, असा विचार पुढे आणला. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना, आधुनिक विज्ञान जणू निर्मितीच्या त्या पहिल्या क्षणाची साक्ष देत आहे, अशा आशयाचे विचार मांडले, तेव्हा त्या अकादमीचे सदस्य असलेले लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्णपणे अलग आहे, तो मान्य करूनही एखादा जडवादी, म्हणजे भौतिक पदार्थापलीकडे काही न मानणारा, देवाला नाकारू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी पोप रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलले, तेव्हा त्यांनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांची श्रद्धा डळमळीत होती म्हणून ते असे वागले, असे कोणी समजू नये. ते अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. बदलत्या विज्ञानावर देवाचे अस्तित्व टेकवून ठेवणे हे देवाच्या आणि विज्ञानाच्या, दोघांच्याही दृष्टीने अयोग्य आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि मला त्यांची ही शिस्त अत्यंत मोलाची वाटते.

आपला मुलगा पुण्यात शिकतो, तेव्हा डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव त्याच्या परिचयाचे असणारच. त्यांनी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर, विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर काम केले आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याचे सुधारित रूप मांडले. आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूचे आहेत. परंतु क्षणभर असे समजू, की नारळीकरांचे म्हणणे खरे ठरले आणि विश्वाला महास्फोटासारखा आरंभ नव्हता असे दिसून आले. मग निर्माणकर्त्यावरील विश्वासाचे काय होईल?

या प्रश्नाचा विचार तेराव्या शतकात कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनस यांनी केला होता. जगाला आरंभ आहे हे आपण पवित्र शास्त्रावरून मानतो, ते निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आणि जग अनादि असू शकते काय, या विषयावर एक स्वतंत्र छोटा ग्रंथही लिहिला. त्यांच्या मते निर्मिती म्हणजे केवळ फार पूर्वी घडून गेलेली घटना नसते. सूर्य प्रकाशत आहे तोवरच हवा उजळलेली राहते, त्याप्रमाणे प्रत्येक वस्तूचे असणे या घटकेलाही देवावर अवलंबून आहे. विश्व अनादि असले, तरी ‘काहीच नसण्याऐवजी हे सर्व का आहे?’ हा प्रश्न जसाच्या तसा उरतो आणि तो कोणत्याही दुर्बिणीने सुटणारा नाही, कारण दुर्बिणीला जे दिसते तेही ‘असलेल्या’ गोष्टींपैकीच एक असते.

ही मांडणी सर्वांना पटते असे नाही, हेही मुलापासून लपवू नये. १९४८ साली बीबीसीवर फादर कोपलस्टन यांच्याशी देवाच्या अस्तित्वावर झालेल्या चर्चेत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी ‘विश्व आहे, बस्स’ एवढ्यावर थांबण्याची भूमिका घेतली. तिथे थांबणे शक्य आहे. मला मात्र ते प्रश्न अर्ध्यावर सोडून देण्यासारखे वाटते, विशेषतः ज्या विज्ञानाचा प्राणच ‘का?’ हा प्रश्न आहे त्याच्या नावाने.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलाला सांगावी. संशयी युग आजच आलेले नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये पौल अथेन्समध्ये एपिकूरपंथी व स्तोइक तत्त्वज्ञांसमोर उभा राहतो. आपण देवाच्या ठायी जगतो, वागतो व आहोत, असे तो त्यांना सांगतो, आणि हे अक्विनस यांच्या विचाराशी किती जवळचे आहे ते आपल्या लक्षात येईल. तोपर्यंत ते तत्त्वज्ञ ऐकून घेतात. पौल येशूच्या पुनरुत्थानाकडे वळतो तेव्हा मात्र काहींनी थट्टा केली, काही म्हणाले, याविषयी पुन्हा ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. तर्क आपल्याला जगाच्या मूळ आधारापर्यंत नेऊ शकतो. तो आधार आपला पिता आहे, ही ओळख ख्रिस्ताच्या जीवनातून, वधस्तंभातून व पुनरुत्थानातूनच होते. म्हणून मुलाशी वादात जिंकण्याचा आग्रह धरू नये. त्याने एकदा मार्ककृत शुभवर्तमान सलग वाचावे, एवढीच विनंती त्याला करावी, आणि उपासनेला येण्याची सक्ती करू नये.

प्रश्न : प्रार्थना करताना ‘कोणी ऐकत असेल काय?’ असा विचार माझ्या मनात येतो. हे पाप आहे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. तो विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात येशूसमोर ठेवतो. स्तोत्रकर्तेही देवाला ‘तू दूर का उभा राहतोस?’ असे विचारतात आणि मंडळीने ती स्तोत्रे पवित्र शास्त्रातून वगळली नाहीत. आपला विचार देवापासून लपवून वेगळी प्रार्थना रचण्यापेक्षा तोच विचार त्याला सांगावा. त्या बापाची शंका पुरती फिटावी म्हणून प्रभू थांबला नाही. त्याने मुलाला हाताला धरून उठवले.