वर्षाला एक नाटक

प्रिय बाय,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मालिकेत अठरा वर्षांचा लीप येतोय, तू अजून तिशीला पोचली नाहीस आणि पुढच्या महिन्यापासून तुला कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई व्हायचंय. मुलीचं काम करणारी तुझ्याहून चार वर्षांनीच लहान. मेकअप रूममधल्या मैत्रिणी सांगतात, एकदा आईचा शिक्का बसला की हिरॉईन संपली. घरचे म्हणतात, हातातलं काम सोडू नकोस. आणि तू मला विचारतेस, हो म्हणू की नको.

हो म्हण. यात विचारण्यासारखं काही नाही. मला तुला वेगळंच विचारायचंय आणि तो विषय तू सगळ्या मेसेजभर टाळलास. मालिका सुरू झाल्यापासून तू एकही नाटक का केलं नाहीस?

आईच्या भूमिकेने कुणी संपत नाही. आशालताबाई वाबगावकर मूळच्या आपल्या गोव्याच्या. 1964 साली गोवा हिंदू असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा' नाटकात त्या सत्यवती झाल्या, मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या चाली गायल्या. बासू चॅटर्जींचा 'अपने पराये' आला 1980 मध्ये, तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढे आई, काकू, सासू असं करत शंभरावर मराठी-हिंदी चित्रपट झाले. 2020 च्या सप्टेंबरात साताऱ्याकडे मालिकेचं चित्रीकरण चालू असताना त्यांना कोरोनाने गाठलं आणि त्या गेल्या. 79 वर्षांच्या होत्या आणि कामावर होत्या. वर्षा उसगावकर बघ. 'ब्रह्मचारी' नाटकातून पुढे आली, दूरदर्शनच्या महाभारतात अभिमन्यूची कोवळी उत्तरा झाली आणि 2020 मध्ये मालिकेतल्या घराची माई. दोघींच्याही मुळाशी रंगमंच आहे. आपल्याकडच्याच बांदोड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' नाटकात उभ्या राहिल्या, तेव्हा बायकांची कामं बायकांनीच करायची हेही धाडस होतं. 1942 च्या 'कुलवधू'तली नायिकाही त्याच. या बायकांचं आपण नुसतं कौतुक करतो. त्यांची तालीम कुठे झाली, हे कुणी विचारत नाही.

तू म्हणशील, वेळ कुठे आहे? तेरा तासांची शिफ्ट, त्यावर घोडबंदरचा ट्रॅफिक. मला ठाऊक आहे ते. मी केलंय. म्हणूनच सांगते, वर्षाला एक नाटक. दोन नकोत, एक. पण एक हवंच.

परवा तुझा भाग मुद्दाम पाहिला. 'मी या घरातून जाणार नाही' एवढं साधं वाक्य, आणि तू 'घरातून'वर थांबून श्वास घेतलास. ही तीच मुलगी का, जिने कला अकादमीच्या स्पर्धेत पानभराचं स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत न अडखळता नेलं होतं? यात तुझ्या एकटीचा दोष नाही. सीन सकाळी हातात पडतो, कधी अर्धाच. समोरचा नट दुपारनंतर येणार म्हणून त्याची वाक्यं असिस्टंट मोबाइलमध्ये बघून कोरडी वाचतो आणि तू कॅमेऱ्याच्या कडेला चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून रडायचं. लेपल माईक गळ्याशीच, त्यामुळे पोटातून बोलायची गरजच पडत नाही. वर्षभर असं गेलं की श्वास छातीतच अडकतो. आणि हे तुला तिथे कुणीही सांगणार नाही. टेक ओके झाला की त्यांना पुढच्या सीनला जायचं असतं.

आपल्याकडे देवळाच्या मंडपात पहिल्या रांगेत एक तरी म्हातारी अशी असते, जिला नाटक तोंडपाठ असतं. ती तुझ्याबरोबर वाक्य पुटपुटत असते. तू नको तिथे तोडलंस की तिचे ओठ थांबतात आणि ती वर बघते. रंगमंचावरून ते दिसतं. त्या एका नजरेसाठी वर्षाला एक नाटक करायचं असतं, बाय.

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तू ऐकलं असशीलच. हिला मुंबई झेपली नाही, म्हणतात. झेपली होती. एका मालिकेत माझं काम चांगलं चाललं होतं, रस्त्यात बायका हात धरून बोलायच्या. गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी मी चार दिवस मागितले, दोन महिने आधी, लेखी. निर्मात्याने मान डोलावली. मी इकडे रंग लावून उभी, तोवर तिकडे माझ्या पात्राला घाटात अपघात झाला. माझ्याच फोटोला हार घातलेला भाग मी आईशेजारी बसून पाहिला. त्या पैशांतून घराची कौलं बदलायची होती. ती राहिली, आणि पुढचे कितीतरी पावसाळे आईने खोल्यांतून भांडी मांडत काढले. ती खंत मनातून जात नाही, जाणारही नाही. पण नाटक सोडलं नाही हे मी बरोबर केलं. आज तोच प्रसंग आला तर आजही गावालाच येईन.

त्या काळात माझ्याबरोबरची एक फार देखणी, फार लाडकी होती. तिने आईचं काम नाकारलं, नाटक तर कधीचंच सोडलं होतं. काही वर्षांनी बोलावणं आलं तेव्हा आवाजच उभा राहीना. तिच्यावर टीका करत नाही मी, तिची आठवण आली की अजून पोटात तुटतं. मला मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर आजही फोन येतात. 2021 च्या उन्हाळ्यात मुंबईची चित्रीकरणं बंद पडली आणि मालिकांची युनिटं गोव्यात उतरली, तेव्हा मला एका आजीचं काम मिळालं. मे महिन्यात इथलीही परवानगी रद्द झाली आणि सगळे परत गेले. पण जेवढे दिवस काम केलं तेवढ्यात एकदाही माझ्यामुळे रीटेक झाला नाही. तरुण दिग्दर्शकाने विचारलं, तालीम कुठे करता? मी म्हटलं, गावात, दरवर्षी.

आता त्या आईबद्दल. ते लोक तुझ्या कानशिलावर पांढरी बट लावतील, सुती साडी देतील आणि चष्मा. त्यावर विसंबू नकोस. वय उठण्याबसण्यात असतं. सुट्टीवर येशील तेव्हा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायका जमिनीवरून कशा उठतात ते बघत उभी राहा. आधी हात गुडघ्यावर येतो, मग नजर पाटीकडे जाते, मग श्वास, आणि मग कंबर. उठता उठता गिऱ्हाईकाशी भाव चालूच असतो, आवाजात कुठेही धाप नसते. तेवढं तुला जमलं तर ती बट काढून टाकली तरी चालेल. आणि खरं सांगू, हे सेटवर शिकायला वेळ मिळत नाही. तालमीत मिळतो. महिनाभर एकच उठणं रोज करून बघता येतं.

लूक टेस्टच्या आधी प्रॉडक्शनशी बोल. लीप हवाय तो त्यांना, अडलंय त्यांचं, आणि पुन्हा इतकं ते कधी ऐकणार नाहीत. पैसे थोडे कमी झाले तरी चालतील, पण नाटकासाठीचे दहा दिवस करारात लिहून घे, तारखांसकट. नुसत्या मानेवर जाऊ नकोस. चिडतील, चिडू देत. 'गावच्या नाटकासाठी?' असं विचारून हसतील. हसू देत. तू शांतपणे पुन्हा तेच सांग.

यंदाचं नाटक ठरलंय. त्यात विशीतली एक मुलगी आहे, पहिल्या अंकात गाते, तिसऱ्यात बापाशी भांडते. मालिकेत आई झालीस म्हणून तुझं तरुणपण काही सरकारजमा होत नाही, ते इथे येऊन वापर. तालमी गणेश चवथीनंतर सुरू, रोज संध्याकाळी सातला, आमच्या अंगणात. तू पहिले काही दिवस फोनवरून वाचलंस तरी चालेल, शेवटचे आठ दिवस मात्र इथे हवीस. संहिता व्हॉट्सॲपवर पाठवतेय. या रविवारपर्यंत कळव, नाहीतर ती भूमिका मी शेजारच्या वाड्यावरच्या मुलीला देणार आहे. तिचा आवाजही चांगला आहे.

तुझी,
ताई