न घेतलेलं लोन आणि अडकलेलं होमलोन

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. होमलोन रिजेक्ट झालं, कारण क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद) कुठल्याशा अॅपचं १८ हजारांचं लोन थकलेलं दिसतंय, जे त्यांनी घेतलंच नाही. आणि रिकव्हरीवाला म्हणतो ६ हजार भरा, मिटवून टाकू.

ताई, एक रुपया भरू नका. भरलात की लोन तुमचंच होतं असा अर्थ निघतो, वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलं, असा शेरा पडतो आणि तो बघूनही बँका नाक मुरडतात.

आपण सरसकट सिबिल म्हणतो पण असे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तर चारही काढा. त्या लोनला पॅन, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल कुणाचा लागलाय ते नीट बघा. सगळंच दुसऱ्या बाईचं असेल तर नाव सारखं म्हणून तिची नोंद तुमच्या गळ्यात पडलीय. पण पॅन तुमचा आणि मोबाईल भलताच असेल तर कुणीतरी तुमच्या नावावर पैसे उचललेत, मग आधी १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करा.

बरेच जण फक्त ब्युरोला डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकून वाट बघत बसतात. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्यात कलम २१ आहे, त्याप्रमाणे लोन देणाऱ्या कंपनीनं दुरुस्ती बरोबर आहे असं कळवल्याशिवाय ब्युरो नोंद बदलू शकत नाही, म्हणून दोघांनाही लेखी कळवा. कंपनीकडे लोनचा अर्ज, केवायसी, फोटो आणि मुख्य म्हणजे पैसे कुठल्या खात्यात जमा झाले ते मागा. खातं तुमचं नाही निघालं की त्यांची बाजू लंगडी पडते.

ब्युरोकडे किंवा कंपनीकडे तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे (रक्कम फुटकळ आहे, मान्य, पण त्या भीतीनं फाईल हलते). तक्रारीतच तुमचा बँक खाते नंबर द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गोलमाल आलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (तक्रारी सोडवणारा अधिकारी) ऑनलाईन जा, फी नाही, वकीलही लागत नाही. २०२३ च्या डेटा कायद्यातही माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे पण त्यात अडकू नका, तुमचं काम २००५ च्या कायद्यानंच होईल.

तोवर तुमच्या बँकेला डिस्प्यूट नंबर दाखवून फाईल बंद करू नका असं लेखी सांगा, आणि घाईत अजून चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये चढते.