फिश टँकसाठी घरी सजावट करायची आहे. करवंटी, दगड, शिंपले, कुंडी यांतलं माशांना काय चालेल?

तुमची टाकी दोन फुटी आहे आणि तिच्यात गप्पी व निऑन टेट्रा आहेत, हे धरून सांगतो. करवंटी आणि मातीची कोरी कुंडी निश्चिंत वापरा. दगड आधी तपासून घ्या. शिंपले मात्र या टाकीत नकोत. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, पाण्यात हळूहळू विरघळतात आणि हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) व पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वाढवतात. गप्पींना असं पाणी मानवतं, पण निऑनना मऊ, म्हणजे कमी हार्डनेसचं, आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. पोवळं, संगमरवर आणि चुनखडीलाही हेच लागू आहे.

पहिलं काम करवंटीचं करा, कारण त्यात बिघडायला फारसं काही नाही. बिघडलंच तर ते खोबऱ्यामुळे. आत खोबऱ्याचा पातळ थर जरी राहिला तरी तो पाण्यात कुजतो, वर तेलकट साय धरते आणि पाणी दुधट होतं. म्हणून चमच्याने खरवडून आतली बाजू पूर्ण तपकिरी दिसेपर्यंत साफ करा. बाहेरच्या शेंड्याही काढा. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने कडेला तीन-चार सेंटिमीटरचं दार कापा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवल्यावर कुठेही टोचता कामा नये. माथ्यावर एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आत हवा अडकून करवंटी तरंगते. नंतर वीस मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. पुढे आठवडाभर बादलीत बुडवून ठेवून रोज पाणी बदला. चहासारखा रंग उतरतो तो टॅनिन या वनस्पतीतल्या द्रव्याचा. त्याने माशांना अपाय होत नाही, निऑनना तर तो मानवतो.

दगडांच्या बाबतीत महाराष्ट्रात आपली सोय आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. पण याच दगडाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात, आणि त्यांतले काही कॅल्साइटचे, म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणून दगड कोरडा करा, पांढरा भाग खिळ्याने खरवडा आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. उजेडात नीट बघा: बारीक बुडबुडे आले तर दगड बाद. हिरव्या, निळसर किंवा गंजलेल्या रेषा असलेले दगडही घेऊ नका. त्यात धातू असू शकतो, आणि तांबं तर कोळंबी-गोगलगायींना अगदी थोडंही घातक ठरतं. दगड उकळू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने घासून वरून गरम पाणी ओतलं की पुरे. साबण कशालाच लावायचा नाही.

कुंडी नवी हवी, रंग किंवा गेरू न लावलेली. वापरलेल्या कुंडीत खत आणि कीटकनाशक मुरलेलं असतं. चार इंची कुंडी आडवी करून निम्मी वाळूत पुरली की छान गुहा होते. फक्त तिच्या तळाचं भोक सिलिकॉनने बुजवा, कारण मासा नेमका तिथेच अडकतो. नियम असा धरा: भोक एकतर माशाच्या जाडीच्या दुप्पट, नाहीतर त्याचं डोकंही जाणार नाही इतकं लहान.

सिलिकॉन घेताना बुरशीरोधक लिहिलेलं बाथरूमचं घेऊ नका. त्यातलं बुरशीनाशक माशांना विषारी असतं. ट्यूबवर अॅक्वेरियमसाठी असल्याचं लिहिलेलं असावं. पातळ थराला निदान ४८ तास द्या, जाड थराला आठवडा. व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर ते वाळलेलं नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, ऑइलपेंट, पितळ आणि गॅल्व्हनाइज्ड तार टाकीपासून लांब ठेवा. सिमेंटची वस्तू करण्याचा विचार असेल तर तो सोडा, असं माझं मत आहे. त्यातला चुना निघायला कित्येक आठवडे पाणी बदलत बसावं लागतं.

एक चाचणी मात्र टाळू नका. दोन बादल्यांत सारखंच, क्लोरिन काढलेलं पाणी घ्या आणि वस्तू एकीतच ठेवा. आठवड्याने दोन्हींचा पीएच, हार्डनेस आणि टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) मोजा. दुसरी बादली यासाठी की नळाच्या पाण्याचा पीएच नुसतं ठेवल्यानेही बदलतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच वस्तू टाकीत जाऊ द्या.

मांडताना जड दगड आधी तळावर टेकवा आणि मग भोवती वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड, खालची वाळू सरकली की काचेवर कलंडतो. करवंटीवर पहिले काही आठवडे पांढरा बुळबुळीत थर आला तर घाबरू नका. तो निरुपद्रवी असतो, गोगलगायी खातात किंवा आपोआप जातो. पण नवी वस्तू टाकल्यावर मासे पृष्ठभागावर येऊन श्वास घेऊ लागले किंवा पाण्याला वास आला, तर ती लगेच बाहेर काढा, एक तृतीयांश पाणी बदला आणि एअर पंप चालू ठेवा.