आईवडिलांच्या गोळ्या: आधी बी-१२, मग बाकीचे

आपण विचारले आहे की, कोथरूडला राहणाऱ्या आपल्या सत्तरीच्या आईवडिलांनी मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा-३, सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन, कॅल्शियम, आठवड्याला डी-३ ची पुडी, अश्वगंधा-हळदीची कॅप्सूल आणि आता कोणीतरी सुचवलेले, वय लांबवण्याच्या नावाने विकले जाणारे ‘एनएमएन’ यांपैकी नेमके काय घ्यावे, म्हणजे स्मृतिभ्रंश, हृदयविकार आणि हाडे मोडणे टळेल. सोबत आपण तीन गोष्टी सांगितल्या आहेत. घर पूर्ण शाकाहारी आहे, वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पँटोप्राझोल घेतात, आणि आईची थायरॉइडची गोळी चालू आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण पेठेतल्या औषधांच्या दुकानात बरीच वर्षे काढल्यामुळे या यादीकडे पाहताना मला सर्वांत आधी त्यात नसलेली गोष्ट दिसते, आणि ती म्हणजे जीवनसत्त्व बी-१२.

बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच येते. त्यावर आपल्या वडिलांच्या बाबतीत तीन अडथळे एकावर एक आलेले आहेत. वयोमानाने जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ सुटे होत नाही, पँटोप्राझोल ते आम्ल आणखी घटवते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातील शोषण कमी होते. पुण्याला या विषयाचे अनोळखीपण नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. ते पुरुष मध्यमवयीन होते. आपले वडील सत्तरीचे आहेत आणि वर या दोन औषधांवर आहेत.

ही कमतरता म्हातारपणाच्या नावाखाली सहज खपून जाते. तळपायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा, चिडचिड, जिभेची आग ही लक्षणे दिसली की घरातले ‘शुगरमुळे होतंय’ किंवा ‘वय झालं’ म्हणतात. नसांची हानी बराच काळ चालू राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असे नाही, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ असते, असे आपण म्हणाल. डबीच्या मागची बारीक अक्षरे वाचा: बहुधा एक-दोन मायक्रोग्रॅमच असते. शरीराची रोजची गरज तेवढीच असली, तरी ज्याचे शोषणच बिघडले आहे त्याला ते पुरत नाही. बी-१२ ची वेगळी गोळी ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमची का असते, याचे उत्तर यातच आहे: नेहमीचा मार्ग बंद पडला तरी मोठ्या मात्रेतील साधारण एक टक्का बी-१२ आतड्यातून आपोआप झिरपते आणि तेवढ्याने काम भागते. त्यामुळे इंजेक्शन प्रत्येकालाच लागते असे नाही. कमतरता तीव्र असेल किंवा नसांची लक्षणे असतील, तर ते डॉक्टर ठरवतील. नुसते फोलिक ॲसिड मात्र घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

आणखी एक गोष्ट मी काउंटरवर वारंवार सांगत आलो आहे. मिथाइलकोबालामिन (बी-१२ चेच एक रूप) मागितले की पुष्कळदा त्यासोबत प्रीगाबालिन असलेली गोळी हाती येते. प्रीगाबालिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध आहे, जीवनसत्त्व नव्हे. त्याने गुंगी येते, चक्कर येते, आणि रात्री लघवीला उठलेला वृद्ध माणूस पडतो. स्ट्रिपवर मोठ्या नावाखाली घटकांची ओळ असते, तिथे दुसरे नाव काय आहे ते पाहूनच पैसे द्या.

आता आपल्याकडे असलेल्या डब्यांकडे वळतो. सर्वांत जास्त काळजी मला डी-३ च्या पुडीची वाटते. ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा, असा क्रम डॉक्टर लिहितात. पण ‘आता थांबवा’ हे कोणी सांगितले नाही म्हणून ती वर्षानुवर्षे दर रविवारी दुधात मिसळून घेणारी घरे मी पाहिली आहेत. दर आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे ८,५०० युनिट, आणि प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा ४,००० आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. आमच्या एका आजींची भूक मेली, बद्धकोष्ठ झाले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, आणि रक्तातले कॅल्शियम वाढलेले निघेपर्यंत सगळे ते वयावर ढकलत होते. जास्त दिले म्हणजे हाडे जास्त मजबूत होतात, हा समजही चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी उलटलेल्या २,२५६ स्त्रियांवर प्रयोग झाला, त्यात वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या गटात पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण उलट वाढले; तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

ओमेगा-३ आणि डी-३ यांची एकत्रित मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. २५,८७१ लोकांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट डी-३, एक ग्रॅम माशाचे तेल (ओमेगा-३) किंवा बनावट, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. २०१८ च्या निष्कर्षांत कर्करोग आणि मोठे हृदयविकार या दोहोंतही अपेक्षित घट दिसली नाही, आणि २०२२ मध्ये डी-३ ने हाडे मोडण्याचे प्रमाणही कमी झाले नाही असे कळले. त्या लोकांपैकी बहुतेकांना कमतरता नव्हती. कमतरता सिद्ध असलेल्याला डी-३ द्यायलाच हवे, पण सरसकट घेण्याला आधार नाही. शिवाय माशाच्या तेलाची कॅप्सूल शाकाहारी घरात कशी चालते, हेही एकदा डबीवर पाहून घ्या.

ग्लुकोसामाइनबद्दल २००६ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात गुडघेदुखीवर एकूण गटात बनावट गोळीपेक्षा फरक दिसला नाही. मी ते बंद करीन. एनएमएनने रक्तातील ‘एनएडी’ (पेशींना ऊर्जेसाठी लागणारा रेणू) वाढते हे खरे, पण त्याने माणसाचे आयुष्य वाढते किंवा आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही. मल्टिव्हिटॅमिन ठेवायचेच असेल तर एकच ठेवा, कारण दोन-तीन डब्यांत तेच घटक पुन्हा पुन्हा येतात आणि बेरीज कोणी करत नाही. ‘अँटिऑक्सिडंट’च्या जास्त मात्रा तर टाळाच: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढला (१९९४), आणि अमेरिकेत रोज ४०० युनिट ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला (२०११).

अश्वगंधा-हळदीची कॅप्सूल आईसाठी ताबडतोब थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी बदलू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मिऱ्याचा अर्क घातलेल्या दाट कुर्क्युमिननेही (हळदीतला मुख्य घटक) यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतल्या हळदीला यातले काही लागू नाही. गुळवेलीचा काढा कोणी घेत असेल, तर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, पण डॉक्टरांना हे घेतो म्हणून सांगणे तरी टाळू नका.

आईचे कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास दूर हवे, नाहीतर गोळी शोषली जात नाही. त्यातही आधी अन्नाचा हिशेब करा: मोठ्या पेल्याभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास कॅल्शियम असते, गरज १,००० ते १,२०० ची असते. उरलेल्या तुटीपुरतीच गोळी असावी. रात्री नुसती दूध-पोळी खाऊन झोपणाऱ्या ज्येष्ठांना मात्र प्रथिनांची तूट अधिक असते. साठ किलो वजनाला रोज साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती पनीर, उसळ, घट्ट वरण, दही यांतून, जमल्यास तीनही जेवणांत विभागून घ्यावीत. वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहूनच प्रथिने वाढवा.

रक्ततपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी करून घ्या: बी-१२, डी-३, कॅल्शियम, क्रिएटिनिन, आईसाठी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास ते दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, कारण त्याने थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. मग सगळ्या डब्या, स्ट्रिप आणि पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. बी-१२ कमी निघाले, तरी मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. पँटोप्राझोल अजून लागते का, हे मात्र त्याच भेटीत विचारा.